पेटी मेली पाहिजे

१

सुट्टीच्या दिवशी इतर माणसं अंथरुणात लोळत पडतात. कानसेन मात्र चहाच्याही आधी मागच्या खोलीत जात आणि लाकडावर बोटाचं पेर आपटत. टक. मान तिरकी करून ऐकत. चार बोटं बाजूला सरकून पुन्हा टक. मग तोंड कडू करत, कारण त्यांच्या पसंतीला उतरेल असा आवाज जगात अजून कोणी काढलेला नव्हता.

कानसेन हे नाव सासरच्या मंडळींनी ठेवलेलं. गाता येत नसलं तरी ऐकण्याचा तोरा केवढा, म्हणून चेष्टेने ठेवलेलं. ह्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. नोकरीही साजेशीच होती. इस्पितळाच्या तळमजल्यावर लोकांचे कान तपासायचे. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं; आवाज आला की त्याने दाबायचं. निम्मे लोक आवाज नसतानाही दाबतात. "बहिरे ते बहिरे, वर खोटारडे," असं कानसेन घरी येऊन सांगत, आणि बायको म्हणे, "हो का?" त्या "हो का?"वर त्यांचा संसार चालला होता. शेजारी, नातेवाईक, इस्पितळातले सोबती, सगळ्यांशी त्यांचं या ना त्या कारणाने फाटलं होतं. बोललेल्याला उत्तर देणारं एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाला ते उठता-बसता गप्प राहायला सांगत.

छंद होता सबवूफरच्या पेट्या करण्याचा. गाण्यातला अगदी तळाचा, पोटात जाणवणारा आवाज काढायला मोठा स्पीकर लागतो, आणि त्याला बसवायला भक्कम लाकडी पेटी. बाजारातल्या तयार पेट्या ह्यांच्या लेखी कचरा. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, समारंभांना लाउडस्पीकर भाड्याने देत असे; त्याचं नाव ह्यांनी 'भोंगा' ठेवलं होतं आणि त्याच्या पेट्यांचं 'बिस्किटाचे डबे'.

"पेटी मेली पाहिजे," ते भोंग्याला प्रत्येक भेटीत ऐकवत. "आवाज काढायचा तो स्पीकरने. लाकडाने तोंड उघडायचं नाही. पेर आपटलं आणि लाकूड घुमलं, की समजायचं पेटी जिवंत आहे. जिवंत पेटी म्हणजे बिघडलेली पेटी."

"दाजी, तुमच्या पेट्या बघून मलाच मेल्यासारखं होतं," भोंगा म्हणे, आणि बहीण-भाऊ खो खो हसत. कानसेनांना त्या हसण्यातही कुठेतरी पत्रा सैल झाल्यासारखं ऐकू येई.

२

त्या मोसमातली पहिली पेटी उभी राहिली तेव्हा त्यांनी तिच्यातून एकच खालचा सूर सोडला, आणि अख्खं घर चुगल्या करायला लागलं. फळीवरची ताटं किणकिणली, खिडकीची काच थरथरली, भिंतीवरचा आरसा कुरकुरला.

"हे घर आहे की भंगाराचं दुकान?" कानसेन म्हणाले, आणि एकेकाच्या बंदोबस्ताला लागले. ताटांमध्ये कागद घातले. काचेच्या कडेला लुकण भरलं. आरशामागे फोमचे तुकडे चिकटवले. भिंतीवरचं घड्याळ काढून कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवलं; त्याची टिकटिक ही निव्वळ आगाऊपणाची होती. बायकोने वेळ कशी कळणार म्हणून विचारलं, तर म्हणाले, "भूक लागली की कळते."

पुन्हा सूर सोडला. घर गप्प होतं, पण कुठेतरी एक बारीक, हलता आवाज उरलाच होता. त्यांनी भिंतीला कान लावला, जमिनीला लावला, आणि मांजरासारखे दबकत आवाजाच्या मागे मागे स्वयंपाकघरात पोचले. बायको टॉवेलांच्या घड्या घालत होती आणि गुणगुणत होती.

"हे तू करतेयस?"

"काय?"

"हे. नाकातून."

"गाणं आहे ते," ती हसून म्हणाली. "लहानपणापासूनचं. माझ्या ध्यानातही येत नाही."

"घरातली सगळी खडखड मी बंद केली," कानसेन म्हणाले. "आता तेवढी तूच उरलीस."

तिने घडी घातलेला टॉवेल उलगडला आणि पुन्हा नीट घडी घातली. "बरं," ती म्हणाली.

बस, एवढंच. नवरे बायकांना याहून वाईट बोलतात, आणि घरं उभीच राहतात. तेव्हा यातून काही सुरू झालं असं म्हणायला जागा नाही, आणि कानसेनांनी तर ते कधीच म्हटलं नसतं.

३

तरी पेटी पुरती मेली नव्हती. वरच्या कोपऱ्यात पेर आपटलं की आतून हलकासा हुंकार यायचा. कानसेनांनी ती पेटी तोडून जाळायला देऊन टाकली आणि नवी करायला घेतली.

या वेळी फळ्या दुहेरी, एकावर एक चिकटवलेल्या. आत आडव्या-उभ्या पट्ट्यांचा असा पिंजरा की उंदराला वळायला जागा नाही. खिळा नाही, स्क्रू नाही, फक्त गोंद. "ज्याचा सांध्यावर विश्वास नाही तो खिळे मारतो," हे त्यांचं ब्रीद. स्क्रू होते ते फक्त समोरच्या गोल भोकात स्पीकर आवळून बसवायला. मोकळ्या जागेत त्यांनी लोकर भरली, शेवटची फळी गोंद लावून बसवली आणि गोंद सुकेपर्यंत फळ्या दाबून धरायला चारी बाजूंनी शिकंजे आवळले.

दुसऱ्या दिवशी शिकंजे सोडून पेर आपटलं. काही नाही.

हे 'काही नाही' जरा समजून घ्यायला हवं. मेलेल्या पेटीवर पेर आपटलं तरी 'थप्' असा मुका आवाज येतोच. दगडावर आपटलं तरी येतो. इथे तोही नव्हता. बोट लाकडाला लागलेलं दिसलं, पेर दुखलंही, पण कानांपर्यंत काही आलं नाही. कानसेनांच्या अंगावर आनंदाने शहारा आला. भोंगा महिनाअखेरच्या रविवारी घरी येणार होता. त्याचं तोंड कसं पडेल ते त्यांना आत्ताच दिसायला लागलं.

त्या तंद्रीत कोपर लागलं आणि लाकूड तासायची पटाशी टेबलावरून फरशीवर पडली. लोखंडी पटाशी, उघडी फरशी. ती पडली, एकदा उसळली आणि स्थिर झाली. कानसेन तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टाळी वाजवून पाहिली.

भुसा, ते मनाशी म्हणाले. खोलीभर लाकडाचा भुसा पसरलाय, तो आवाज पितो. साधी गोष्ट आहे. एखादा अडाणी माणूस असता तर घाबरला असता.

४

खोली झाडून झाली तरी टाळी वाजेना. मग पुढच्या दाराची कडी मुकी झाली. मग नळ. पाणी बादलीत पडताना दिसे आणि कानसेन बादली भरून वाहेपर्यंत पाठ करून उभे असत. घर आतून कोणीतरी अस्तर लावल्यासारखं झालं होतं. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस त्यांना ते आवडलं. एवढी शांतता राजामहाराजांनाही मिळाली नसेल, असं ते म्हणाले.

"काही म्हणालात का?" बायकोने विचारलं. ती समोरच बसली होती.

"शांतता म्हटलं. राजांना नसेल मिळाली."

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "जरा मोठ्याने बोला ना. घसा बसलाय का तुमचा?"

"तुझेच कान बसलेत," कानसेन म्हणाले. "कानात मळ साठला की माणसाला सगळ्या जगाचा घसा बसलेला वाटतो."

ती भात वाढत राहिली. आणि तेव्हा, जेवता जेवता, त्यांच्या लक्षात आलं की गेल्या कित्येक दिवसांत त्यांनी "हो का?" ऐकलेलं नाही. ते इस्पितळातल्या खोटारड्यांचे किस्से सांगत होते, आणि ती वाढत होती, जेवत होती, खिडकीबाहेर बघत होती. त्यांना वाटलं होतं ती रुसलीय. रुसलेली बाई ताट जरा आपटून ठेवते. हिने तर ताट त्यांच्यासमोर ठेवायचं, जरा थांबायचं, आणि एखाद्या गोष्टीची आठवण होता होता निसटावी तसं पुन्हा उचलून न्यायचं, असं सुरू केलं होतं.

"जेवतोय मी अजून!" ते ओरडले.

ती दारात थबकली, इकडेतिकडे पाहिलं आणि आत गेली.

५

आधी त्यांनी स्वतःचे कान तपासले. दुपारी, इस्पितळातल्या काचेच्या खोलीत, कोणी नसताना. आलेख सरळ आला. सशाचे कान. मग दोष बायकोचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला हाताने खुणावून, हात धरून बरोबर नेलं. तीही, माझंच काहीतरी बिघडलं असेल, म्हणून मुकाट्याने आली.

ती काचेपलीकडे हेडफोन लावून बसली. त्यांनी सूर सोडले. बारीकातला बारीक सूर सोडला तरी तिचा अंगठा बटणावर बरोबर दाबला जाई. आवाज नसताना एकदाही नाही. इतकी प्रामाणिक तपासणी त्यांनी नोकरीत पाहिली नव्हती. मग शब्दांची तपासणी. रेकॉर्डवरचा माणूस म्हणाला, "दार." ती म्हणाली, "दार." तो म्हणाला, "पाऊल." ती म्हणाली, "पाऊल."

कानसेनांनी रेकॉर्ड बंद केली आणि स्वतः मायक्रोफोन ओढला. "खिडकी," ते म्हणाले.

ती शांत बसली होती. पुढच्या शब्दाची वाट बघत होती.

"खिडकी," ते म्हणाले. "अगं, खिडकी म्हण. अगं ए!"

तिने नखावरचा कसलातरी डाग पुसला. समोरच्या सुईकडे कानसेनांचं लक्ष गेलं. मायक्रोफोनमध्ये आवाज शिरला की ती सुई उडते. सुई पडून होती.

तेवढ्यात नर्स कसलीशी फाइल शोधत आत आली. कानसेनांनी मायक्रोफोनकडे बोट केलं, पण ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. काचेमागे बाई बसलेली पाहून तीच वाकली आणि म्हणाली, "बाहेर या आता, झालं तुमचं."

"बाहेर या आता, झालं तुमचं," बायको शहाण्या विद्यार्थिनीसारखी म्हणाली, आणि दोघी हसल्या. सुई केवढी उडाली.

मायक्रोफोन बिघडलाय, कानसेनांनी ठरवलं. सरकारी खरेदी, त्यात काय मिळणार? पण घरी जाताना ते बायकोच्या अर्धं पाऊल मागे चालत होते, आणि रस्त्यातला एकही माणूस त्यांना वाट द्यायला बाजूला होत नव्हता.

६

मग तिचा आवाज गेला. म्हणजे तिचा गेला नव्हता. तिचे ओठ हलत होते, ती फोनवर बोलत होती, मान मागे टाकून हसत होती. ह्यांच्यापर्यंत येत नव्हता.

कानसेन घाबरले. हे त्यांच्या तोंडून कोणी वदवून घेऊ शकलं नसतं, पण घाबरले. आयुष्यभर जगाला मूर्ख ठरवायचं तर निदान एकाला तरी ते ऐकू जावं लागतं. ते तिच्यामागे खोल्या-खोल्यांतून हिंडू लागले. ती कपडे वाळत घालताना तिच्या तोंडाजवळ कान नेऊन उभे राहू लागले. तिचे ओठ मिटलेले असत आणि गळा किंचित हलत असे. गुणगुणत होती. त्यांना ते गाणं आठवेना. इतकी वर्षं घरात वाजत होतं आणि एक ओळ आठवेना, कारण ऐकलं होतं ते फक्त कुठे बेसूर होतं ते.

पेटी फोडावी, असं त्यांच्या मनात आलं. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पेटी आली आणि हे झालं, एवढंच. आणि असला विचार म्हणजे खुळचटपणाचा कळस, हे तेच इतरांना सांगत आलेले. शिवाय रविवार तोंडावर आला होता. भोंग्याला काय दाखवणार, फळ्यांचे तुकडे? 'दाजींची पेटी फुटली' हे तो गावभर लाउडस्पीकरवरून सांगेल. त्यांनी करवत हातात घेतली, पेटीच्या कडेला टेकवली, आणि परत खुंटीला अडकवली. जिवापेक्षा मान मोठा, अशी माणसं असतात.

७

रविवारी दुपारी भोंगा आला. कानसेनांनी दार उघडलं. तो त्यांच्या बाजूने सरळ आत गेला. बहीण-भाऊ पुढच्या खोलीत खुर्च्यांवर बसले. चहा आला, दोन कप. कानसेन दोघांच्या मधे उभे राहून बोलले, मग ओरडले, मग टेबलावर मूठ आपटली. कपातला चहासुद्धा हलला नाही.

तेव्हा कुठे मान गळून पडला. ते मागच्या खोलीत धावले, करवत घेतली आणि पेटीवर चालवली. काचेवरून सरकावेत तसे करवतीचे दात लाकडावरून सरकले. भुशाचा कण पडला नाही. इतकी पक्की पेटी कोणी बनवली होती? त्यांनीच. मग त्यांनी समोरचे स्क्रू फिरवायला घेतले. ते फिरले. जड स्पीकर दोन्ही हातांनी उचलून त्यांनी बाजूला ठेवला, गोल भोकात हात घालून लोकर उपसली, आणि त्यांचा हात तसाच राहिला.

आतून आवाज येत होते.

नळ वाहत होता. ताटं किणकिणत होती. घड्याळ टिकटिकत होतं. कडी वाजली, खुर्ची सरकली, आणि भोंगा त्याच्या त्या फुटक्या आवाजात म्हणाला, "दाजी कुठायत गं, ताई?"

"असतील मागच्या खोलीत," ती म्हणाली. तिचा आवाज. घुमणारा, भरलेला, जिवंत. "हल्ली जाणवतसुद्धा नाही घरात आहेत की नाहीत."

"मग करमतं का तुला?"

ती जरा थांबली. "तुला खरं सांगू? छान वाटतं रे. मोकळं."

कानसेनांनी वळून उघड्या दारातून पुढच्या खोलीत पाहिलं. खुर्च्या होत्या, ऊन होतं. खुर्च्यांवर कोणी नव्हतं. ते पुन्हा भोकाशी वाकले. आत खूप खोलवर, जिथे पिंजऱ्याच्या पट्ट्या असायला हव्यात तिथे, उजेड होता. उजेडात फरशी, खुर्चीचा पाय, आणि तिचं अनवाणी पाऊल. अंगठा ताल धरत होता. ती गुणगुणायला लागली होती.

काय गोड होतं ते. बेसूर नव्हतं. कधीच नव्हतं. कानसेनांचे डोळे भरून आले. त्यांनी तोंड भोकाला लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "गा. गा ना अगं. ऐकतोय मी."

गाणं थांबलं.

"काही ऐकू आलं का रे?" तिने विचारलं.

"छे," भोंगा म्हणाला. "वारा येतोय बघ, भिंतीतल्या या भोकातून. केवढा गार."

पावलं जवळ आली. मग उजेड अर्धा झाकला गेला आणि तिचा डोळा दिसला, अगदी जवळ. बिळात उंदीर आहे का बघावं तशी ती बघत होती. सरळ त्यांच्याकडे बघत होती. कानसेनांनी जिवाच्या आकांताने हाक मारली. तिचं नाव घेऊन मारली. ते त्यांनी लग्नानंतर फारसं कधी घेतलं नव्हतं.

"आत काही नाहीये," ती म्हणाली. "कोंब एखादा बोळा."

भोंग्याने कापड चुरगळलं, त्याचा आवाज आला. पाठीमागे ती पुन्हा गुणगुणायला लागली होती. गाणं कुठे तुटलं होतं ते तिला नेमकं आठवत होतं. कानसेनांनी कान भोकाला घट्ट दाबून धरला आणि जेवढं ऐकू आलं तेवढं ऐकलं. ती पूर्ण एक ओळही नव्हती.